पायाच्या हाडाला गाठ आली, हाताच्या का नाही?

धारूर तालुक्यातील एका शिक्षकांनी आपल्या धाकट्या भावाविषयी लिहिले आहे. भावाचे वय ३२ वर्षे. ऊसतोडीचा हंगाम संपवून गावी परतल्यावर, मृगाच्या तोंडावर ट्रॅक्टरची ट्रॉली उलटून त्यांच्या उजव्या नडगीची दोन्ही आणि उजव्या हाताची कोपराखालची दोन्ही हाडे मोडली. कातडी फाटलेली नव्हती. सरकारी रुग्णालयात योजनेतून शस्त्रक्रिया झाली. हाताला दोन प्लेटा बसवल्या, नडगीच्या जाड हाडात रॉड घातला आणि बारीक हाड तसेच सोडून दिले. सात आठवड्यांनंतरच्या एक्स-रेमध्ये नडगीच्या मोडीभोवती ढगासारखी गाठ दिसते, पण मोडीची फट आधीपेक्षा रुंद वाटते; हाताच्या हाडांभोवती मात्र काहीच दिसत नाही. ते लिहितात : “आई म्हणते, पायाचं धरायलंय, पण हाताचं हाड काही धरंना. गावातले हाडवैद्य म्हणतात, रॉड सैल बसला म्हणून गाठ आली. एकाच माणसावर एकाच दिवशी दोन तऱ्हेचे उपचार का केले? योजनेत हलके स्टील वापरले असेल का? हे सामान पुढे काढावेच लागते का? आणि मुकादम उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, घेऊन दारात उभा आहे. दसऱ्यानंतर भावाने टोळीबरोबर जावे का?”

सप्रेम नमस्कार गुरुजी,

आपण एक्स-रेचे वर्णन इतक्या नेमकेपणाने केले आहे की आईंच्या काळजीपासूनच सुरुवात करतो. मी फोटो प्रत्यक्ष पाहिलेले नाहीत, त्यामुळे शेवटचा शब्द शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचाच राहील. परंतु आपण लिहिले आहे तसेच चित्र असेल, तर सात आठवड्यांनी पायात जे दिसायला हवे ते पायात दिसते आहे आणि हातात जे दिसू नये ते हातात दिसत नाही. ही दोन हाडे दोन वेगळ्या वाटांनी जुळत आहेत, आणि त्या दोन वाटा शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाणीवपूर्वक निवडलेल्या आहेत.

मोडलेले हाड धातूमुळे जुळत नाही. ते आपले आपण जुळते, आणि धातू तोवर त्याला जागेवर धरून ठेवतो, एवढी एक गोष्ट आधी मनात पक्की करावी. हाड मोडले की तिथे रक्त साकळते, त्यात नवी पेशीजाले आणि बारीक रक्तवाहिन्या शिरतात, दोन-तीन आठवड्यांत तिथे कुर्चेसारखा, म्हणजे नाकाच्या शेंड्यातल्या मऊ हाडासारखा, लवचीक सांधा तयार होतो, मग त्यात कॅल्शियम भरत जाऊन तो कडक होतो, आणि पुढची एक-दोन वर्षे शरीर त्या ओबडधोबड गाठीला तासून मूळच्या आकाराकडे नेत राहते. या गाठीलाच कॅलस म्हणतात. कुत्र्याचा किंवा वासराचा पाय मोडला आणि कोणी काही केले नाही, तरी जी गाठ येऊन पाय जुळतो, ती हीच. निसर्गाची ही पद्धत मजबूत आहे. तिचा दोष एवढाच की ती हाड जुळवते, पण सरळच जुळवेल याची हमी देत नाही.

आता गाठ येते कुठे आणि येत नाही कुठे, हे मोडीच्या जागी किती हालचाल होते यावर ठरते. स्टीफन पेरेन या स्विस संशोधकांनी याचा हिशेब मांडून ठेवला आहे. मोडीच्या फटीत तयार होणाऱ्या प्रत्येक ऊतीला ताण सोसण्याची एक मर्यादा असते : सुरुवातीची मऊ ऊती आपल्या लांबीच्या दुप्पट ताणली तरी टिकते, कुर्चा साधारण दहा टक्क्यांपर्यंत सोसते आणि पक्के हाड जेमतेम दोन टक्के. म्हणजे फट १ मिलिमीटरची असेल आणि तिथे ०.१ मिलिमीटर हालचाल होत असेल, तर ताण दहा टक्के झाला आणि तिथे थेट हाड धरणार नाही. तीच हालचाल १० मिलिमीटरच्या अंतरात वाटली गेली, तर ताण एक टक्क्यावर येतो आणि तिथे हाड तयार होऊ शकते. यावरून शल्यचिकित्सकासमोर दोनच रस्ते उरतात. एक तर फट पूर्ण मिटवून, तुकडे एकमेकांवर दाबून हालचाल जवळजवळ शून्य करायची. नाहीतर थोडी, आटोक्यातली हालचाल राहू द्यायची आणि तिला तोंड देण्यासाठी शरीराला गाठ बांधू द्यायची. आपल्या भावाच्या हाताला पहिला रस्ता मिळाला, पायाला दुसरा.

गंमत अशी की, आपल्या आईंना पडलेले कोडे हाडांच्या शल्यचिकित्सकांनाही एकेकाळी पडले होते. बेल्जियमचे रोबेर दानिस हे हाडाचे तुकडे प्लेटेने एकमेकांवर दाबून बसवत, तेव्हा कित्येक हाडे गाठ न येताच जुळतात, असे त्यांना आढळले. १९४९ साली त्यांनी ते लिहून प्रसिद्ध केले आणि त्याला ‘आपोआप झालेले वेल्डिंग’ अशा अर्थाचे फ्रेंच नाव दिले. तरुण स्विस सर्जन मॉरिस म्युलर मुद्दाम ब्रुसेल्सला जाऊन त्यांचे रुग्ण पाहून आले. पुढे १९५८ साली म्युलर आणि त्यांचे सहकारी, मिळून तेरा सर्जन, स्वित्झर्लंडमधील बील या गावी एकत्र आले आणि त्यांनी ‘एओ’ या नावाने ओळखला जाणारा अभ्यासगट स्थापन केला. तुकडे जागेवर बसवणे, घट्ट धरणे, रक्तपुरवठा जपणे आणि सांधे लवकर हलवणे ही त्यांची चार सूत्रे आज आपल्या घाटीत, अंबाजोगाईत, नांदेडात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत हाडांची शस्त्रक्रिया शिकणारा प्रत्येक विद्यार्थी पहिल्याच वर्षी तोंडपाठ करतो.

दाबून बसवलेल्या प्लेटेची करामत तिच्या भोकांत आहे. ती भोके गोल नसून लांबट असतात आणि त्यांच्या कडेला उतार असतो. स्क्रू भोकाच्या एका टोकाला घालून आवळला की त्याचे डोके त्या उतारावरून घसरते आणि घसरताना हाडाचा तुकडा दुसऱ्या तुकड्याकडे साधारण एक मिलिमीटर ओढून घेते. कोपराखालच्या हाडांना साधारणतः साडेतीन मिलिमीटरचे स्क्रू वापरतात. त्यांच्यासाठी आधी अडीच मिलिमीटरचे छिद्र पाडले जाते आणि प्रत्येक स्क्रू हाडाची अलीकडची आणि पलीकडची अशा दोन्ही भिंती पकडतो. मोडीच्या प्रत्येक बाजूला असे निदान तीन स्क्रू असावेत, असा संकेत आहे. आपल्या फोटोत ते मोजून पाहता येतील. अशा रीतीने फट मिटली की हाड खाणाऱ्या पेशी पुढे बोगदा कोरत जातात, हाड घडवणाऱ्या पेशी मागून तो भरत येतात, आणि हे बोगदे मोडीची रेघ ओलांडून पलीकडच्या तुकड्यात शिरतात. बाहेरून काही दिसत नाही. रेघ हळूहळू पुसट होत जाते, एवढेच. हे काम संथ आहे, म्हणून धीर धरावा. उलट, दाबून बसवलेल्या सरळ मोडीभोवती सात आठवड्यांनी विरळ, धूसर गाठ दिसू लागली असती, तर प्लेट कुठेतरी हलते आहे की काय अशी शंका मला आली असती. हाड चुरडलेले असेल तर मात्र तुकडे न दाबता प्लेट नुसती पुलासारखी वरून टाकतात आणि तिथे गाठ अपेक्षितच असते. परंतु आपल्या पत्रात डॉक्टरांनी ‘सरळ दोन तुकडे’ असे सांगितल्याचा उल्लेख आहे, तेव्हा तो प्रश्न नाही.

मग हातालाही रॉडच का घातला नाही? कारण कोपराखालची दोन हाडे ही नुसती दोन हाडे नव्हेत, तो जवळजवळ एक सांधाच आहे. अंगठ्याच्या बाजूचे हाड, ज्याला रेडियस म्हणतात, ते किंचित कमानदार असते आणि करंगळीच्या बाजूच्या सरळ हाडाभोवती फिरते. त्या फिरण्यामुळेच आपण तळहात वर करून घास तोंडाशी नेतो आणि तळहात खाली करून भाकरी थापतो. कमान थोडी जरी सपाट झाली किंवा तुकडे थोडे पिळून जुळले, तरी हात फिरायचा थांबतो. कोयता मारणाऱ्या माणसाला हे फिरणे किती लागते, ते मी आपल्याला सांगायला नको. म्हणून इथे हाड मूळच्या आकारात, रेघेला रेघ जुळवून बसवावे लागते आणि ते काम मोठ्या माणसात प्लेट जितके चोख करते तितके दुसरे साधन करत नाही. दोन हाडांसाठी हातावर दोन वेगळे छेद दिसत असतील. एकाच छेदातून दोन्ही हाडे उघडली, तर ती एकमेकांना जुळून जाण्याचा धोका वाढतो.

नडगीचे गणित वेगळे आहे. तिथे लांबी बरोबर असावी, पाय वाकडा नसावा आणि पाऊल आत-बाहेर वळलेले नसावे. मधल्या भागातले तुकडे केसभर इकडेतिकडे राहिले, तर चालण्यात काही बिघडत नाही. उलट, नडगीच्या आतल्या बाजूला हाडावर नुसती कातडी असते, खालच्या तिसऱ्या भागात स्नायूंचे आवरण विरळ आणि रक्तपुरवठाही बेताचा असतो. अपघाताने आधीच सुजलेली अशी जागा लांब छेद देऊन उघडायची आणि कातडीखाली प्लेट ठेवायची, म्हणजे जखम न भरण्याला निमंत्रण. रॉड गुडघ्याच्या वाटीखालून, लहान छेदातून हाडाच्या पोकळीत शिरतो. मोडीची जागा उघडावी लागत नाही, सी-आर्म या फिरत्या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर पाहत तो खाली घोट्यापर्यंत नेतात आणि वर-खाली आडवे स्क्रू घालून अडकवतात. जर्मनीतील कील येथील गेरहार्ड क्युन्चर यांनी १९३९ साली मांडीच्या हाडात असा रॉड पहिल्यांदा घातला, तेव्हा हाडाच्या मगजात धातू ठोकण्याची कल्पना पुष्कळांना अघोरी वाटली होती. आडव्या स्क्रूंनी तो अडकवण्याची पद्धत नंतरच्या दशकांत रूढ झाली. रॉड हाडाच्या मध्यावर असल्यामुळे शरीराचा भार हाड आणि धातू वाटून घेतात, म्हणून त्यावर पाय लवकर टेकवता येतो. पाय टेकवल्यावर मोडीच्या जागी जो सूक्ष्म दाब आणि हालचाल होते, तीच गाठीला खतपाणी असते. तेव्हा हाडवैद्यांचे निरीक्षण खरे आहे, निष्कर्ष चुकीचा आहे : रॉड थोडी हालचाल होऊ देतो म्हणून गाठ येते, पण ती तशी यावी यासाठीच तो रॉड आहे.

फट रुंद दिसण्याचे कारणही यातच दडले आहे. अरुंद फटीत ताण फार होतो, म्हणून शरीर पहिल्या काही आठवड्यांत तुकड्यांची टोके थोडी झिजवते. फट वाढते, ताण कमी होतो आणि मग भोवतालची गाठ तिला कवेत घेते. बारीक हाडाबद्दल एवढेच सांगतो की, ते शरीराचा फारच थोडा भार उचलते, भोवती स्नायू असल्यामुळे आपसूक जुळते, आणि घोट्याजवळ मोडलेले नसेल तर त्याला सहसा हात लावत नाहीत. आळस किंवा काटकसर म्हणून ते सोडलेले नाही.

स्टीलचा प्रश्न मला अनेकजण विचारतात आणि तो विचारताना आवाज खाली आणतात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना, जी २०१७ पूर्वी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून ओळखली जात असे, तिच्यातून शस्त्रक्रिया झाली म्हणजे हलके सामान टाकले, हा समज काढून टाकावा. हाडांसाठी वापरायचे ३१६ एल हे स्टील क्रोमियम, निकेल आणि मॉलिब्डेनम घालून मुद्दाम न गंजणारे बनवलेले असते. टायटेनियम वजनाला हलके आणि लवचीक असते आणि एमआरआय काढताना त्याचा अडथळा कमी होतो. परंतु ते महाग असते आणि त्याचे स्क्रू पुढे काढताना कधीकधी प्लेटेत इतके घट्ट बसलेले असतात की सर्जनला घाम फुटतो. निकेलची खरी ॲलर्जी असलेला विरळा रुग्ण सोडला, तर सरळ मोडीला टायटेनियमसाठी कर्ज काढण्याचा सल्ला मी कोणाला दिलेला नाही.

आई हाडवैद्यांकडे न्यायचे म्हणत असतील, तर त्यांना दुखवू नका, पण नेऊही नका. ज्या हातात प्लेट आहे त्याला तेल लावून जोराने चोळले, तर कोपराभोवतीच्या स्नायूंत हाड तयार होऊन सांधा कायमचा आखडू शकतो. घट्ट बांधलेल्या कामट्यांमुळे रक्त थांबून काळी पडलेली बोटे मी माझ्या नोकरीत पुष्कळ पाहिली आहेत, आणि ती पाहून घरी जेवण गेलेले नाही. डाळ, आंबट आणि वांगे खाल्ल्याने पू होतो, या समजुतीपायी आपल्याकडे रुग्णाला नेमके लागणारे अन्नच बंद करतात. भावाला डाळ, अंडी, दूध, तीळ, शेंगदाणे पोटभर द्यावे. तंबाखूविषयी आपण लिहिलेले नाही, पण ऊसतोडीवरचा गडी आहे म्हणून विचारतो : खिशात पुडी असेल, तर हाड जुळेपर्यंत ती चुलीत टाकावी. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि खालच्या नडगीत मुळात रक्त कमी.

हात आणि पाय एकाच बाजूचे असल्यामुळे साधी कुबडी घेता आली नसेल; कोपर टेकवता येणारा वॉकर मिळाला, तर मनगटावर भार येत नाही. हात फिरवण्याचा व्यायाम रोज करावा : कोपर अंगाला चिकटवून, मुठीत पेन्सिल धरून तळहात वर-खाली फिरवायचा. हाताने मात्र भरलेली घागर इतक्यात उचलू नये. जखमेतून पाणी किंवा पू येणे, ताप, एकाएकी वाढलेले दुखणे, पोटरीला अचानक आलेली कडक सूज किंवा दम लागणे यांपैकी काहीही झाले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आता उचलीचा प्रश्न. पत्रात तो शेवटी आला असला, तरी पत्र त्याच्यासाठीच लिहिले गेले आहे, असे मला वाटते. पोळ्याच्या आसपास शस्त्रक्रियेला बारा आठवडे पूर्ण होतील. त्या वेळी हाताचा आणि पायाचा, समोरून आणि बाजूने असा फोटो काढावा. नडगीच्या समोरच्या आणि बाजूच्या फोटोत मिळून हाडाच्या चार भिंती दिसतात. त्यांपैकी तीन भिंतींवर गाठीने पूल बांधलेला दिसला आणि पाय टेकताना मोडीच्या जागी दुखत नसले, तर हाड धरले असे आम्ही मानतो. ३२ वर्षांच्या निरोगी माणसात नडगीला यासाठी चार ते सहा महिने लागणे अगदी स्वाभाविक आहे. गाठ पुरेशी वाढत नसेल, तर रॉडचा एक आडवा स्क्रू काढून हाडावर अधिक भार येऊ देण्याची लहानशी शस्त्रक्रिया तेव्हा सुचवली जाऊ शकते. ती ऐकून घाबरून जाऊ नये.

दसऱ्याला चार महिने होतील. त्या वेळी भाऊ विनाआधार चालत असतील आणि घरच्यांना ते पूर्ण बरे झाल्यासारखे वाटतील, हाच खरा धोका आहे. फडात दिवसभर वाकून तोडणी करणे एक वेळ जमेल. तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन शिडीने गाडीवर चढणे, तेही पहाटेच्या दवात निसरड्या फळीवरून, हे अर्ध्या जुळलेल्या नडगीचे काम नव्हे. धातू किती जरी चांगला असला, तरी तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, तसा तो थकतो; हाड जुळण्याआधी धातू थकला, तर तुटणारा धातूच असतो. चौथ्या महिन्यात सांगलीकडे तोडणीला गेलेला एक गडी फेब्रुवारीत माझ्याकडे परत आला, तेव्हा त्याच्या रॉडचे खालचे दोन्ही स्क्रू तुटलेले होते आणि पाय आत वळला होता. दुसरी शस्त्रक्रिया, नवा रॉड, कमरेच्या हाडाचे तुकडे काढून मोडीत भरणे आणि आणखी सात महिने बसून राहणे, असा त्याचा पुढचा हिशेब झाला. उचल फिटली नाहीच, ती पुढच्या वर्षावर चढली.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे : यंदाची उचल घेऊ नये. भावाच्या पत्नींनाही त्यात गुंतवू नये, कारण एकदा कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मोजला गेला की भावाला घरी ठेवून त्यांना एकट्याला अर्धा कोयता म्हणून ओढावे लागेल आणि मग दुखऱ्या पायाने भाऊ मागोमाग जातीलच. मुकादमाला दाखवण्यासाठी दाखला लागत असेल, तर पोळ्याच्या तपासणीच्या वेळीच डॉक्टरांकडून लेखी मागून घ्यावा. पुढच्या वर्षी ते फडात जाऊ शकतील, असे मानायला पुरेसे कारण आहे. फक्त रॉड घातलेल्यांपैकी बऱ्याच जणांना गुडघ्याच्या वाटीखाली, विशेषतः गुडघे टेकून बसल्यावर, दुखत राहते, हे आतापासून ठाऊक असावे.

सामान काढण्याविषयी शेवटी लिहितो, कारण त्याची घाई नाही. हाताच्या प्लेटा त्रास देत नसतील, तर त्या आयुष्यभर राहू द्याव्यात. त्या काढताना हाताच्या नसांना इजा होऊ शकते, आणि काढल्यावर स्क्रूच्या रिकाम्या छिद्रांतून हाड पुन्हा मोडण्याची भीती काही महिने असते. रॉड गुडघ्याला फारच खुपत असेल, तर हाड पूर्ण जुळल्यावर, साधारण दीड-दोन वर्षांनी तो काढता येतो. त्या दिवशी सर्जनला पहिला प्रश्न पडेल तो रॉड कोणत्या बनावटीचा आहे हा, कारण प्रत्येक बनावटीचा रॉड ओढून काढण्याचे आटे आणि स्क्रूचे पाने वेगळे असतात. रुग्णालयातून सुटी होताना मिळालेल्या कार्डावर किंवा शस्त्रक्रियेच्या नोंदीत सामानाचे स्टिकर चिकटवलेले असते. ते कार्ड पहिल्या आणि शेवटच्या एक्स-रेसह प्लास्टिकच्या पिशवीत घालून आपल्याच शाळेच्या कपाटात ठेवावे. फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, नेलेले कागद पावसाळ्यापर्यंत टिकत नाहीत.